मैद्याची पारख

नागपूरच्या रामदासपेठेत आता घरोघरी ओव्हन येऊन बसला आहे, आणि त्याच्या पाठोपाठ परदेशी पाककृतींचे एक अफाट भांडारही गृहिणींच्या, महाविद्यालयीन मुलींच्या आणि काही हौशी पुरुषांच्या हाती आले आहे. त्या पाककृतींत एक जिन्नस वारंवार मागितलेला असतो, तो म्हणजे पेस्ट्री फ्लोअर. सीताबर्डीच्या जुन्या किराणा दुकानात विचारा किंवा सेंट्रल बझार मार्गावरच्या चकचकीत दुकानात विचारा, सामान्यतः उत्तर एकच मिळते, की मैदा आहे, तोच न्या. घेणारी तो नेते, कृतीत सांगितल्याबरहुकूम सारे काही करते, आणि तरीही खुसखुशीत व्हावयाचे बिस्किट टणक होते, टार्टची वाटी आक्रसून साच्याच्या काठावरून खाली उतरते. "काकू, मैदा ताजा, लोणी चांगले, मापेही बरोबर, मग हे वातड का झाले?" हा प्रश्न शेजारच्या मुलींनी मला इतक्यांदा विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटू लागले. या प्रकरणी कसूर बहुधा करणारीची नसते. कृती लिहिणाऱ्याच्या मनात जे पीठ होते ते आणि आपल्या डब्यातले पीठ यांच्या स्वभावातच अंतर असते, आणि तो स्वभाव ओळखता आला तर घरच्या मैद्यातूनही उत्तम काम करून घेता येते.

गव्हाच्या पिठाला इतर सर्व धान्यांच्या पिठांपासून वेगळे करणारी गोष्ट म्हणजे त्यातील ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने. पाण्याचा स्पर्श झाला आणि हाताने मर्दन झाले, की ती परस्परांत गुंतून एक लवचीक जाळे विणू लागतात. त्या जाळ्याला ग्लुटेन म्हणतात. इटलीतील बोलोन्या येथील वैद्यकाचे आणि रसायनाचे पंडित याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी यांनी १७२८ मध्ये प्रथम दाखवून दिले, की कणकेचा गोळा पाण्यात धूत राहिले असता त्यातील सत्त्व दुधासारखे वाहून जाते आणि हातात एक चिकट, रबरासारखा पदार्थ शिल्लक राहतो. पाव फुगतो आणि पोळी ताणली तरी फाटत नाही, ते या पदार्थाच्या बळावर. परंतु ज्या पदार्थाने दाताखाली अलगद विरघळावे अशी आपली अपेक्षा असते, त्याला हेच बळ जाचक होते. म्हणून पाश्चात्य गिरण्यांनी पिठाच्या प्रती पाडल्या. पावाच्या पिठात प्रथिने सामान्यतः १२ ते १४ टक्के, सर्व कामांच्या पिठात १० ते १२, पेस्ट्रीच्या पिठात ८ ते १० आणि केकच्या पिठात ७ ते ९ टक्के, अशी ही ढोबळ उतरंड आहे. पेस्ट्री फ्लोअर म्हणजे या उतरंडीतील खालच्या अंगाचे, मऊ दाण्याच्या गव्हापासून दळलेले, इतकेच. त्यात कोणतीही गुप्त भेसळ किंवा जादू नाही.

ग्लुटेनचे सामर्थ्य पाहण्यासाठी नागपूरकराला दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याकडे सावजी रश्श्याबरोबर जी लांब पोळी किंवा मटका रोटी वाढतात, ती करणाऱ्या बाईजवळ घटकाभर उभे राहावे. परातीत साधारणतः लोकवन गव्हाच्या चाळलेल्या पिठाची सैल कणीक असते. ती बाई तिला पाण्याचा हात लावून वर उचलते, परातीत आपटते, पुन्हा उचलते, पुन्हा आपटते, आणि हे इतका वेळ चालते, की अखेरीस कणीक परातीला न चिकटता एका अखंड पडद्यासारखी हातातून लोंबू लागते. मग एक गोळा तळहातावर घेऊन ती तो या हातावरून त्या हातावर टाकू लागते; गोळ्याची चकती होते, चकती मनगटाच्या खाली उतरते, पाहता पाहता कोपरापर्यंत पोचते, आणि तिच्यातून पलीकडचा जाळ दिसू लागला, की एका झटक्यात ती पालथ्या घातलेल्या, खालून तापवलेल्या मटक्यावर पसरली जाते. गव्हातील प्रथिनांचे जाळे किती विणता येते याचा याहून स्पष्ट दाखला मला तरी ठाऊक नाही. या बाईंनी जे जे केले, ते ते सारे टार्टची वाटी करताना वर्ज्य समजावे. पाणी पुष्कळ, मर्दन पुष्कळ, आपटणे पुष्कळ, स्निग्धता शून्य: हा लांब पोळीचा मार्ग आहे. पाणी थोडे, हात हलका, स्निग्धता भरपूर: हा खुसखुशीत पदार्थाचा मार्ग आहे. बिस्किटाचा गोळा पोळीच्या सवयीने तिंबून घेतला जातो, तेव्हा या दोन मार्गांची गल्लत होते.

प्रथिनांच्या प्रमाणाइतकाच दुसरा एक गुण महत्त्वाचा आहे, आणि त्याच्याकडे घरात सहसा कोणी लक्ष देत नाही. तो म्हणजे दाण्याचा कठीणपणा. मऊ गव्हाच्या दाण्यात स्टार्चचे कण आणि त्यांच्याभोवतीची प्रथिने यांची बांधणी सैल असते. याला प्युरोइंडोलिन नावाची दोन लहान प्रथिने कारण होतात, आणि ती मूळ स्वरूपात असली तर दाणा मऊ राहतो, त्यांत बिघाड झाला तर दाणा कठीण होतो. आपल्या बन्सी गव्हाच्या जातीत, म्हणजे ज्याला जग ड्युरम म्हणते त्या जातीत, ही प्रथिने निर्माण करणारे गुणसूत्रच नसते. म्हणून तो सर्वांत कठीण, आणि म्हणूनच त्याचा रवा इतका सुरेख, टपोरा निघतो. कठीण दाणा दळताना स्टार्चचे कण सुटे न होता फुटतात, आणि असे फुटके कण धड कणांच्या कितीतरी पट पाणी पितात. चक्कीच्या कणकेची पोळी मऊ आणि लुसलुशीत राहते, त्याला ही फूट मोठ्या प्रमाणात कारण आहे. पोळीच्या दृष्टीने तो गुणच होय. परंतु परदेशी कृतीतील पाण्याचे माप मऊ गव्हाच्या, कमी पाणी पिणाऱ्या पिठासाठी ठरवलेले असते. तेवढ्या पाण्यात आपल्या मैद्याचा गोळा जमत नाही; मग आपण आणखी पाणी घालतो, गोळा जमेना म्हणून आणखी मळतो, जास्तीच्या पाण्याने आणि मळण्याने ग्लुटेन अधिक तयार होते, आणि ते जास्तीचे पाणी भट्टीत उडून जाण्यास वेळ लागतो म्हणून पदार्थ अधिक काळ भाजावा लागून टणक होतो. शेजारणीच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या साखळीत आहे.

मऊ दाण्याचा गहू आपल्या मुलखाला सर्वस्वी अपरिचित होता असे मात्र नाही. नागपूर १८६१ पासून १९५६ पर्यंत ज्या प्रांताची राजधानी होते, त्या मध्य प्रांताच्या जुन्या गॅझेटियरांतून नर्मदेच्या खोऱ्यातील आणि सागरकडच्या गव्हाची वर्णने सापडतात, आणि त्यांत पिस्सी हा मऊ, पांढरा गहू व कठिया हा कठीण गहू असा भेद स्पष्ट केलेला आहे. हा भेद व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी हात व दात यांच्या साह्याने ठरवलेला होता. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आणि हिंदुस्थानचा गहू विलायतेच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. तेथील गिरणीवाले पावासाठी बळकट गव्हाच्या शोधात होते. बिहारमधील पुसा येथे अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने गव्हाचे जे संशोधन केले, १९०९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि पुढे पुसा ४ व पुसा १२ यांसारखी वाणे दिली, त्यात उत्पन्नाबरोबर पिठाच्या बळाचाही विचार होता. स्वातंत्र्यानंतर धान्याची टंचाई हाच राष्ट्रापुढील प्रश्न झाला. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आले, लेर्मा रोहो आणि सोनोरा ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी बसली, आणि देशाची भूक भागवणाऱ्या त्या महान प्रयत्नात बिस्किटाच्या मऊ गव्हाची चिंता करण्यास कोणाला सवड असणे शक्यही नव्हते आणि इष्टही नव्हते. पुढे गुजरातेतील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत निपजलेले लोक-१ हे वाण आले, आणि लोकवन या नावाने त्याने महाराष्ट्राचे बाजार व्यापले. भरघोस, पोळीला उत्तम, परंतु पेस्ट्रीला अनुकूल म्हणता येणार नाही असा हा गहू आहे. भारतात आज पिकणारी बहुतेक वाणे कठीण दाण्याचीच आहेत. कर्नाल येथील गहू संशोधन संस्थेने बिस्किटासाठी मऊ आणि दुर्बळ ग्लुटेनच्या वाणांचा प्रयत्न चालवला आहे. नॅप हल नावाच्या एका जुन्या देशी वाणात ग्लुटेनला बळ देणारे काही घटक मुळातच नसतात, म्हणून त्याचा उपयोग अशा पैदाशीत केला गेला, आणि उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशासाठी एचएस ४९० हे मऊ दाण्याचे वाण प्रसृतही झाले आहे. परंतु तो गहू वेगळा राखून, वेगळा दळून, लहान पुडक्यात घालून नागपूरच्या दुकानात येण्यास अद्याप अवकाश आहे.

दरम्यान आपल्याला मिळतो तो मैदा, आणि त्याच्या बाबतीत सरकारी नियमाची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. अन्नविषयक नियमांनुसार मैद्यात शुष्क भारावर किमान ७.५ टक्के ग्लुटेन असलेच पाहिजे आणि राख १ टक्क्याहून अधिक असता कामा नये. म्हणजे ग्लुटेनची किमान मर्यादा कायद्याने बांधलेली आहे, कमाल मर्यादा नाही. नियम करणाऱ्यांच्या दृष्टीसमोर भेसळीचा धोका होता आणि त्या दृष्टीने तो योग्यच आहे; पण पेस्ट्री करणारीला नेमकी कमाल मर्यादा हवी असते, आणि पुडक्यावरील "मैदा" या एका शब्दातून तिला तिचा थांग लागत नाही. मोठ्या कारखान्यांची सोय वेगळी आहे. पावाच्या आणि बिस्किटाच्या उद्योगांसाठी भारतीय मानकांतही निरनिराळी पिठे धरलेली आहेत, आणि कारखाना आपल्या गरजेप्रमाणे गिरणीकडून माल मागवू शकतो. घरच्या माणसाच्या वाट्याला येते ते सर्वांसाठी एकच पीठ.

म्हणून पारख आपली आपण करावी. पुडक्याच्या पाठीवर पोषणाचा तपशील छापलेला असतो, त्यात दर १०० ग्रॅमला प्रथिने किती हे प्रथम पाहावे. आपल्याकडे तो आकडा बहुधा १० ते ११ च्या घरात असतो. त्याच दुकानात दोन तऱ्हेचे मैदे असतील तर जो आकडा लहान, तो बिस्किटासाठी उचलावा. दुसरी परीक्षा मुठीची. कोरडा मैदा मुठीत घट्ट दाबून मूठ उघडावी. मऊ गव्हाचे पीठ बोटांचे ठसे घेऊन गोळा धरून बसते, आणि कठीण गव्हाचे पीठ बारीक रेतीसारखे सुटून जाते. तिसरी परीक्षा बेक्कारींची, आणि अमरावती मार्गावरील, १९४२ साली स्थापन झालेल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी जे अन्नतंत्र शिकतात त्यांना ती पूर्ण परिचित असते. परंतु तिच्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, घरातला वजनकाटा पुरतो. १०० ग्रॅम मैदा साधारण ५५ ते ६० मिलिलिटर पाण्यात घट्ट भिजवून गोळा करावा, तो अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावा, आणि मग चाळणीवर धरून नळाच्या बारीक धारेखाली बोटांनी चोळत राहावे. प्रथम पांढरेशुभ्र पाणी जाईल, हळूहळू ते निवळेल. पाणी स्वच्छ आले की हातात राहिलेला पिवळसर गोळा चांगला पिळून त्याचे वजन करावे. हे ओल्या ग्लुटेनचे वजन. वाळल्यावर ते सुमारे एक तृतीयांश राहते. गोळा ३० ग्रॅमच्या पुढे गेला तर तो मैदा पावाला द्यावा. २० ते २४ ग्रॅमच्या दरम्यान राहिला तर बिस्किटाला त्याहून चांगला मैदा आपल्या बाजारात क्वचित मिळेल. वजनाबरोबर त्या गोळ्याचा स्वभावही पाहावा. ओढल्यावर चटकन परत येणारा गोळा बलवान, आणि ओढल्यावर सैलपणे लांबून तुटणारा दुर्बळ. ही परीक्षा एकदा जरी केली, तरी मैद्याकडे पाहण्याची दृष्टी कायमची बदलते, आणि मुलांना तर ती अवश्य दाखवावी.

येथे आपल्या आजीपणजींच्या एका विद्येचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मांड्यांसाठी, साटोऱ्यांसाठी आणि उत्तम पुरणपोळीसाठी पूर्वी घरी सपीट काढत असत. गहू निवडून, त्यांना पाण्याचा हात लावून ओलवत, फडक्यात गुंडाळून रात्रभर दडपून ठेवत, सकाळी जात्यावर दळत, आणि मग प्रथम चाळणीने व नंतर वस्त्राने गाळून कोंडा, रवा आणि सपीट निरनिराळे करत. आजची रोलर गिरणीही हेच करते. दळण्यापूर्वी ती गव्हाला पाणी देते, कठीण गहू असेल तर ओलावा सुमारे १६ टक्क्यांवर नेऊन तो कित्येक तास मुरू देते आणि मऊ गहू असेल तर पाणीही कमी व वेळही कमी. हेतू हा, की ओल्याने कोंडा चिवट होऊन अखंड सुटावा आणि आतला गर ठिसूळ होऊन त्याचे पीठ स्वच्छ निघावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हंगेरीच्या बुडापेस्टमधील गिरण्यांनी या रुळांच्या दळणाची कीर्ती जगभर पसरवली, पण गव्हाला ओलवून दडपण्याचे तत्त्व आपल्या माजघरात अंगवळणी पडलेले होते. घरात कोणत्या पदार्थाला कोणते पीठ, कोणत्या गव्हाचे, किती बारीक आणि किती गाळलेले, याचा विचार होत असे. एकाच तयार पुडक्याने हा विचार आपल्या हातून सोडवला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सपिटाइतकीच मोलाची दुसरी विद्या म्हणजे मोहन. शंकरपाळ्यांच्या किंवा करंजीच्या मैद्यात कडकडीत तुपाचे मोहन घालून ते सर्व पिठाला चोळतात, आणि मुठीत दाबून मुटका वळतो का हे पाहतात. मुटका वळला की मोहन पुरेसे झाले. येथे घडते ते असे, की पिठाच्या प्रत्येक कणावर तुपाचा लेप बसतो, नंतर घातलेले पाणी किंवा दूध प्रथिनांपर्यंत पूर्णपणे पोचत नाही, आणि ग्लुटेनचे जाळे तुटक, आखूड राहते. विलायती टार्टच्या कृतीत थंड लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळून रव्यासारखे करण्यास सांगितलेले असते, तेही मोहनच होय. साट्याची करंजी आणि चिरोटे यांत आणखी एक युक्ती आहे. तूप हाताने फेसून त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर मिसळतात आणि तो साटा लाटीच्या थरांमध्ये लावतात. तूप आणि ग्लुटेनविरहित पिठी यांच्यामुळे थर एकमेकांना चिकटत नाहीत आणि तळताना सुटे होऊन फुलतात. म्हणजे ग्लुटेन कोठे हवे, कोठे नको, आणि नको तेथे त्याला कसे आवरावे, याची पूर्ण व्यवस्था आपल्या पाकशास्त्रात आहे. तीच व्यवस्था मैद्याच्या डब्यात आणणे एवढेच काम पेस्ट्री फ्लोअरच्या अभावी आपल्याला करायचे आहे.

हिशेब सोपा आहे. मैद्यात १०.५ टक्के प्रथिने आहेत असे समजा. ८५ ग्रॅम मैद्यात १५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर मिसळले, तर त्या १०० ग्रॅम मिश्रणात सुमारे ८.९ टक्के प्रथिने राहतात. ९० ला १० मिसळले तर सुमारे ९.४ टक्के. दोन्ही आकडे पेस्ट्री फ्लोअरच्या मर्यादेत बसतात. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे शुभ्र, बोटांना करकरणारे सत्त्व. मक्याचे पिवळे पीठ त्याच्या ऐवजी चालत नाही. त्याच्या जागी तांदळाची वस्त्रगाळ पिठी वापरली तर बिस्किटाला अधिक कुरकुरीतपणा येतो आणि कॉर्नफ्लोअरने अधिक विरघळणारा मऊपणा येतो. नानखटाईला आणि शॉर्टब्रेडला मी स्वतः पिठी पसंत करते, टार्टला कॉर्नफ्लोअर. दोन्ही पिठे एकत्र करून तीन वेळा चाळावीत, कारण ती नीट मिसळली नाहीत तर एका बिस्किटाचा एक कोपरा चिवट आणि दुसरा भुसभुशीत होतो. मापे वाटीने न घेता वजनाने घ्यावीत. हलका चाळून भरलेला कप मैदा १२० ग्रॅम भरतो आणि दाबून भरलेला १५० पर्यंत जातो, आणि या फरकापुढे प्रथिनांचा सारा हिशेब व्यर्थ ठरतो. हेही ध्यानात ठेवावे, की मिश्रणाने प्रथिनांचे प्रमाण उतरते, पण कठीण गव्हाच्या फुटक्या स्टार्चची तहान काही नाहीशी होत नाही. म्हणून पाणी एकदम न ओतता चमच्याचमच्याने घालावे, आणि गोळा कसाबसा एकत्र आला की हात थांबवावा. मग तो झाकून अर्धा तास थंड जागी ठेवला, की ओलावा सर्वत्र सारखा पसरतो आणि ताणलेले जाळे सैल पडते. टार्टची वाटी भट्टीत आक्रसते ती बहुधा हा विसावा न दिल्यामुळे.

सौम्य पीठ सर्वत्र योग्य असते असा समज मात्र होऊ देऊ नये. खारी, पफ आणि चिरोटे यांच्या वरच्या आवरणाला थर ताणून पातळ करायचे असतात. तेथे दुर्बळ पीठ फाटते, म्हणून साधा मैदा चांगला मळून, चांगला मुरवून घ्यावा. नानखटाईत पाणी नसतेच आणि तूप जवळजवळ सर्वस्वी स्निग्ध असते, तेव्हा तेथे मैद्याच्या बळाने फारसे बिघडत नाही. परंतु लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते. तूप काढून लोणी घातलेल्या नानखटाईला जो थोडा चामटपणा येतो, तो या पाण्यामुळे. सर्वांत जपण्याची जागा बिनअंड्याचा केक. नागपुरात शाकाहारी घरे पुष्कळ, म्हणून ही बाब विशेष सांगण्यासारखी आहे. अंड्याच्या केकमध्ये अंड्यातील प्रथिने भट्टीत घट्ट होऊन केकचा डोलारा उभा धरतात. अंडे वगळले की ती जबाबदारी जवळजवळ एकट्या मैद्यावर पडते, आणि अशा वेळी केकसाठी म्हणून सांगितलेले अतिसौम्य पीठ वापरले तर केक मध्येच बसतो. बिनअंड्याच्या केकला १०० ग्रॅममध्ये १० ग्रॅमहून अधिक कॉर्नफ्लोअर घालू नये. दह्याचा किंवा ताकाचा आंबटपणा पोत कोमल करण्याचे उरलेले काम करतो. मैदा शेवटी घालून, गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळावे.

नागपूरच्या हवेचाही विचार करावाच लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा ओट्यावर काढलेले लोणी बघता बघता वितळते, आणि वितळलेले लोणी मैद्यात कणाकणाने राहत नाही व फेसलेही जात नाही. साखरेबरोबर फेसताना हवा धरून ठेवायची तर स्निग्ध पदार्थ अर्धवट घट्ट, साधारण १८ ते २१ अंशांवर असावा लागतो. उन्हाळ्यात मैदा, परात आणि लाटणे ही सर्व आधी फ्रिजमध्ये ठेवावीत आणि काम पहाटे उरकावे. हिवाळ्यात उलट सोय. तूप आपोआप रवाळ होते आणि फेसण्यास तयारच मिळते. पावसाळ्यात मैदा हवेतील ओल ओढून घेतो आणि त्यात पोरकिडे होतात, म्हणून महिन्यापुरताच आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे बरे. जे मिश्रण करून ठेवाल त्या डब्यावर प्रमाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी. ८५ चे मिश्रण आणि ९० चे मिश्रण डोळ्यांना सारखेच दिसते.

या सर्वाचा प्रयोग करण्यास आंबिया बहाराच्या संत्र्यांचे दिवस, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, फार अनुकूल आहेत. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची साल सैल आणि पातळ असते, त्यामुळे ती सोलण्यापूर्वीच, फळ अखंड असताना, बारीक किसणीवर हलक्या हाताने फिरवावी आणि आतला पांढरा कडवट थर येऊ देऊ नये. दोन संत्र्यांचा असा कीस ७० ग्रॅम पिठीसाखरेत बोटांनी चोळून दहा मिनिटे ठेवला, की सालीतील तेल साखरेत उतरते आणि साखर ओलसर, केशरी होते. त्यात ११५ ग्रॅम रवाळ तूप घालून पांढरे होईपर्यंत फेसावे. लोणी वापरायचे असेल तर स्निग्धता तेवढीच राहावी म्हणून १४० ग्रॅम घ्यावे. १८० ग्रॅम मैदा आणि ३० ग्रॅम तांदळाची पिठी, चिमूटभर मिठासह तीन वेळा चाळलेली, त्यात घालून बोटांच्या टोकांनी एकत्र करावे. पाण्याचा थेंबही लागत नाही. गोळा भुसभुशीत वाटला तरी मळण्याचा मोह आवरावा, तळहाताने दाबून बोटभर जाडीची वडी थापावी, अर्धा तास थंड करावी, सुरीने कापून १६० अंशांवर सुमारे २० मिनिटे, कडा किंचित बदामी होईपर्यंत भाजावी. ताटातून काढण्याची घाई करू नये. गरम असताना ही बिस्किटे मऊ असतात आणि उचलताना मोडतात, पूर्ण निवल्यावरच त्यांना आकार धरतो.